मधला आकडा

आई वजनकाट्यावर कामाला होती. मालाच्या गोदामाबाहेर जमिनीत बसवलेला मोठा काटा होता. ट्रक त्यावर येऊन उभा राहायचा आणि आई खिडकीमागून आकडा वाचायची. प्रत्येक गाडीआधी ती रिकामा काटा बघायची, शून्य दिसलं की मगच हात करायची. ड्रायव्हर वैतागायचे. "बाई, आत्ताच तर बघितलंत," म्हणायचे.

"आत्ता बघितलं ते मागच्या गाडीसाठी," आई म्हणायची.

घरातही ती तशीच होती. आम्ही तीन भावंडं. ताई मोठी, मी मधली, आणि बारकू धाकटा. मला घरात हाकही 'मधली' अशीच मारतात. बारकू आता दारातून वाकून आत येतो इतका उंच आहे, पण त्याचंही नाव बदललं नाही. खिडकीजवळ कोण झोपणार, भांडी कोण घासणार, केकचा शेवटचा तुकडा कुणाचा, हे आई कधी स्वतः ठरवायची नाही. बटणांच्या पत्र्याच्या डब्यात तीन चिठ्ठ्या टाकायची आणि डबा हलवायची. "उद्या कुणी म्हणायला नको, आईने याची बाजू घेतली." चिठ्ठी निघाली की वाद संपला. रडायचं असेल तर न्हाणीघरात जाऊन रडायचं.

त्यामुळे आईला झटका आल्यावर आम्हाला दुसरं काही सुचलंच नाही. तिचा डावा हात आणि डावा गाल लुळा पडला, बोलणं तुटक झालं आणि आठवणीला भोकं पडत गेली. दिवसा सांभाळायला एक मावशी येत. त्यांची शनिवार-रविवार सुट्टी. ते दोन दिवस आमच्यापैकी कुणीतरी आईच्या घरी राहायचं, असं ठरलं. आधी आम्ही पाळ्या लावून पाहिल्या. ताईचं आणि भावजींचं चष्म्याचं दुकान आहे, शनिवारी तिथे गर्दी असते. बारकू मालवाहतुकीच्या कंपनीत संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो, त्याचं काम कधीही निघतं. अदलाबदल करता करता कुणाच्या कुणाकडे किती पाळ्या राहिल्या याचा गुंता झाला, आणि एकदा ताई आणि बारकू फोनवर एकमेकांना नाही नाही ते बोलले.

तेव्हा बारकूने ते पान तयार केलं. फोनवर उघडायचं, एक मोठं निळं बटण दाबायचं, आकडा येतो. एक म्हणजे ताई, दोन म्हणजे मी, तीन म्हणजे तो. जावास्क्रिप्टच्या एका ओळीचं काम आहे, म्हणाला.

"आईचा डबाच आहे हा," त्याने मला दाखवलं. "फक्त हलवायला हात दुखत नाही. आणि बरेच दिवस चाललं की आपोआप सगळ्यांना सारखं येतं."

दर शुक्रवारी ताई दुकान बंद करताना बटण दाबायची आणि आमच्या तिघांच्या गटात आकड्याचा फोटो टाकायची. बऱ्याचदा दोन असायचा. ताई त्याखाली लिहायची, 'मधले, आज पुन्हा तुझाच नंबर. लॉटरीचं तिकीट काढ एखादं.' बारकू हसणारा चेहरा टाकायचा. मी पिशवी भरायची.

मी तक्रार केली नाही, कारण तक्रार कशाची करणार? मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. लागोपाठ तीन नमुने दूषित निघाले म्हणून चौथाही तसाच निघेल असं आम्ही म्हणत नाही. योगायोग खूप वेळ टिकू शकतो हे मला शिकवलेलं होतं, आणि ते मी फार चांगलं शिकले होते.

आणि खरं सांगायचं तर त्या शनिवार-रविवारांची मला सवय झाली होती. आईला गिळायला त्रास व्हायचा. चमचा समोर नेला की ती तोंड घट्ट मिटायची. एकदा मला सहज सुचलं. चमचा उजव्या बाजूने, जिकडचा गाल शाबूत आहे तिकडून हळूहळू नेला आणि म्हटलं, "गाडी काट्यावर घ्या." आईने तोंड उघडलं. मी थांबले. काटा स्थिर व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ. तिच्या गळ्याची हालचाल दिसली तेव्हा म्हटलं, "उतरली. पुढची." तसं करत तिने वाटीभर सूप संपवलं. मावशींना मी ही रीत शिकवली, त्यांना ती थोडीफार जमली. ताईला लाज वाटायची. "एवढ्या मोठ्या बाईशी असं खेळायचं मला नाही बाई जमत," म्हणायची. ती आली की आई कमी जेवायची, आणि सोमवारी मावशी फोन करून मलाच सांगायच्या.

यंदा दोन गोष्टी एकदमच आल्या. एका मोठ्या तलावाच्या काठी पाण्याचा अभ्यास करणारं केंद्र आहे. तिथे दोन वर्षांचं काम मला देऊ केलं. खोल पाण्याचे नमुने, स्वतःची होडी, स्वतःची खोली. मागे एकदा अशीच जागा मी आईच्या आजारपणासाठी सोडली होती. या वेळी महिनाअखेरपर्यंत कळवा म्हणाले. आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं की आईला आता एकटं ठेवता येणार नाही, रात्रीसुद्धा. घर सोडायचं, आणि तिघांपैकी एकाने तिला कायमचं आपल्याकडे न्यायचं.

कुणी न्यायचं यावर चर्चा झालीच नाही. ताईने गटात लिहिलं, 'शनिवारी सकाळी आईच्या घरी भेटू. एकदाच दाबू. जे येईल ते येईल.' बारकूने अंगठा दाखवला. मीही दाखवला. दोन आला तर तलावाच्या केंद्राला नकार कळवायचा, एवढं मी मनाशी ठरवून टाकलं.

त्या शनिवारच्या आधी, गुरुवारी, प्रयोगशाळेत नवं यंत्र बसवायला दुरुस्तीवाल्या बाई आल्या होत्या. हे यंत्र पाण्याचा गढूळपणा मोजतं आणि पडद्यावर एक ते पाच अशी श्रेणी दाखवतं. बाईंनी यंत्राला खोटे आकडे दिले, कसेही, वाटेल ते, आणि पडद्यावर पाच खांब उभे राहिले. मधले तीन सारख्या उंचीचे. टोकाचे दोन, एक आणि पाच, निम्मेच.

"हे असं का?" मी विचारलं.

"ज्याने याचा प्रोग्रॅम लिहिलाय त्याने जवळचा पूर्णांक धरलाय," बाई म्हणाल्या. त्यांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. "फूटपट्टी घ्या ना. एकपासून पाचपर्यंत. दोनच्या वाट्याला दीडपासून अडीचपर्यंतचं सगळं येतं. पण एकच्या अलीकडे पट्टीच नाही. त्याला फक्त एक ते दीड. टोकाच्यांना अर्धीच जागा. नेहमीची चूक आहे, मी कळवते कंपनीला."

त्या पुढच्या तारा जोडायला लागल्या. मी माझ्या टेबलापाशी जाऊन बसले. ड्रॉवरमध्ये फूटपट्टी होती. संगणक शून्यापासून मोजतो, म्हणून तिच्यावर शून्य ते दोन एवढाच भाग मी बोटांनी धरला. शून्यच्या वाट्याला अर्धा. दोनच्या वाट्याला अर्धा. मधल्या एकाच्या वाट्याला पूर्ण एक. या तिघांत एक एक मिळवला की होतात एक, दोन, तीन. ताई, मी, बारकू.

त्या दोघांना मिळून जेवढं, तेवढं मला एकटीला.

मी स्वतःला बजावलं की बारकूने असंच लिहिलं असेल हे मला माहीत नाही. पट्टी परत ठेवली. उरलेले नमुने तपासले, त्यातला एक दोनदा तपासावा लागला.

शनिवारी मी पोचले तेव्हा ताई आईचे कपडे खोक्यात भरत होती. आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या बघत होती. मला पाहून तिने उजवा हात वर केला. ताई म्हणाली, "बघ. मी तासभर इथे आहे, माझ्याकडे मान वळवून बघितलं नाही. तिची लाडकी झालीयस तू."

बारकू आला, वाकून आत शिरला आणि उभ्या उभ्याच फोन काढला. "चला, उरकून टाकू. मला परत ऑफिसला जायचंय."

"बारकू," मी म्हटलं, "त्यात तू जवळचा पूर्णांक धरतोस का?"

"काय?"

"आकडा काढताना. शून्य ते दोनमधला कुठलाही आकडा घेतोस, आणि मग जवळचा पूर्णांक?"

ताईने हातातला स्वेटर खाली ठेवला. "काय चाललंय तुमचं? मराठीत बोला."

मी तिला पट्टीचं सांगितलं. टेबलावर बोटाने रेघ ओढून दाखवली. ताई रोज चष्म्यांचे नंबर बघते, तिला समजायला वेळ लागला नाही. "म्हणजे हिला दुप्पट येत होतं?" ती बारकूला म्हणाली. "इतके दिवस?"

"बघावं लागेल," बारकू म्हणाला.

त्याने पिशवीतून लॅपटॉप काढून टेबलावर ठेवला आणि ते पान उघडलं. त्यात बटणाचा रंग, अक्षरांचा आकार, सावल्या अशा पुष्कळ ओळी होत्या. तो कुठे थांबला नाही, वाचत बसला नाही. थेट खाली त्या एका ओळीवर गेला. तिथे राउंड, म्हणजे जवळचा पूर्णांक, असं लिहिलेलं होतं.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

बारकू पडद्याकडे बघतच म्हणाला, "सुरुवातीला नव्हतं. आईशप्पथ नव्हतं. नंतर एकदा ऑफिसात असंच काहीतरी दुसऱ्याच्या कामात सापडलं, तेव्हा लक्षात आलं."

"मग?"

"बदलणार होतो गं. मग वाटलं, एकदम तुझं येणं कमी झालं तर तू विचारशील. आणि तू कधी काही बोलत नव्हतीस. तुला जमतंय असं वाटलं. तू काय, एकटी—" तो थांबला.

"एकटी आहे, पुढे बोल ना," मी म्हटलं.

ताई म्हणाली, "मूर्ख आहेस तू, बारकू." पण तिने ते हळू म्हटलं, आणि म्हणताना ती माझ्याकडे नाही, खोक्याकडे बघत होती. दर शुक्रवारी तो फोटो तिनेच टाकला होता. तिच्या मनात कधी शंका आली असेल का, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने खरं सांगितलं असतं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

आई खिडकीतून बाहेर बघत होती. आम्ही काय बोलतोय ते तिला कळत असेल असं मला वाटत नाही. तिच्या डोळ्यांसमोर एवढी वर्षं आम्ही हा बटणाचा काटा वापरत होतो, आणि रिकामा काटा एकदाही बघितला नव्हता. ते बटण नुसतं दाबत बसलो असतो, काही पणाला नसताना, तर तासाभरात कळलं असतं.

"बदल आत्ता," मी म्हटलं.

त्याने राउंड काढून फ्लोअर लिहिलं आणि दोनच्या जागी तीन केलं. आता पट्टी शून्य ते तीन झाली, तिचे सारखे तीन तुकडे, आणि आकडा ज्या तुकड्यात पडेल त्याच्या खालच्या टोकाचा पूर्णांक. अपूर्णांक टाकून द्यायचा, कुणाकडे झुकवायचा नाही. मी त्याला हजार वेळा चालवायला लावलं. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले. मग जुनी ओळ परत लिहून हजार वेळा चालवायला लावलं. पाचशेहून थोडे जास्त दोन. ते मला बघायचं होतं आणि त्या दोघांनी बघायला हवं होतं.

"झालं का समाधान?" बारकू म्हणाला. मग लगेच म्हणाला, "सॉरी."

ताई म्हणाली, "मधले, तू यातून बाहेर राहा. आम्ही दोघंच दाबतो. तुझं झालंय करून."

ती हे म्हणाली याचं मला बरं वाटलं. पण ती म्हणाली आणि बारकू गप्प राहिला, आणि त्याच्या गप्प राहण्यात त्याची दोन खोल्यांची जागा होती, दोन मुलं होती, बायकोची कामाची वेळ होती. मला वाटलं, उद्या या दोघांपैकी कुणी म्हणायला नको. आईचंच वाक्य.

"तिघांत," मी म्हटलं. "बरोबरच्या आकड्याने."

ताईने बटण दाबलं. तीन आला.

बारकूने मान हलवली. 'पुन्हा दाबू' असं तो म्हणाला नाही, हे मी त्याच्या बाजूने धरते. त्याने आईची खोकी उचलली आणि तीन जिने उतरून गाडीत ठेवली. आईला आम्ही दोघींनी धरून खाली नेलं. गाडीत बसल्यावर तिने माझं मनगट धरलं आणि सोडेना. मी तिची बोटं एकेक करून सोडवली.

घरी येऊन मी तलावाच्या केंद्राला होकार कळवला. मग उगाचच कपाट आवरायला काढलं. मला आनंद झाला होता. त्याला दुसरं नाव नाही.

बारकूने मनापासून केलं. मुलांची खोली आईला दिली, मुलं बाहेर सतरंजीवर झोपायला लागली. मी त्याला सगळं समजावून सांगितलं, उजवी बाजू, काटा, गाडी, थांबायचं. तो करायचा. पण तो भरभर बोलतो, लहानपणापासून. गळ्याची हालचाल व्हायच्या आत त्याची पुढची गाडी तयार असायची. आई ठसकायची, मग तोंड मिटायची ती मिटायचीच. त्याच्या बायकोला आई कामावरची कुणी बाई समजायची आणि वारंवार विचारायची, "सुट्टी कधी होते?" दिवसभर ती दाराकडे तोंड करून बसायची. मुलांनी विचारलं की म्हणायची, मधली यायचीय.

ताई फोनवर म्हणाली, "दोन-तीन आठवडे लागतीलच रुळायला. तू नको तिला भेटायला जाऊस लगेच. गेलीस की ती आणखी हट्ट करेल." ते बरोबर होतं. मी गेले नाही.

मग आई दाराकडे जाताना पडली. हाड मोडलं नाही. दवाखान्यात वजन केलं तेव्हा ते इतकं उतरलं होतं की डॉक्टरांनी काटा दुसऱ्यांदा बघितला. त्यांनी विचारलं, "आधी कुणाच्या हातचं जेवायच्या?"

बारकू माझ्याकडे बघत होता. त्याने दाढी केली नव्हती. "ती माझ्याकडे नाही गं थांबत," तो म्हणाला. "मी काय करू ते सांग. तू म्हणशील ते करतो."

आकडा बरोबर आला होता, त्यात खोट नव्हती. पण आईला ओळखीचा एकच हात उरला होता, आणि तो जुन्या ओळीने घडवला होता. ती ओळ पुसली तरी आई काही नव्याने सुरुवात करणार नव्हती. लॅपटॉपवर फ्लोअर लिहिणं सोपं होतं.

"माझ्याकडे आणून सोड," मी म्हटलं.

या वेळी बटणाचं नाव कुणी काढलं नाही.

मी नकार कळवल्यावर केंद्राच्या लोकांनी समजूतदारपणे उत्तर दिलं. पुढे कधी जागा निघाली तर कळवू, असंही लिहिलं. मी प्रयोगशाळेत अर्ध्या वेळाचं काम मागून घेतलं. मावशी आता माझ्याकडे येतात.

बारकूने नवीन पान पाठवलं आहे. त्यात फक्त एक आणि दोन आहेत, ताई आणि तो. शनिवारी माझ्या मदतीला कुणी यायचं ते त्यातून निघतं. बटणाखाली त्याने लहान अक्षरांत लिहिलंय, 'दहा हजार वेळा तपासलं आहे.' पहिल्या शुक्रवारी एक आला. शनिवारी सकाळी ताईचा फोन. "मधले, आज दुकानात माल यायचाय, यांना एकट्याला नाही होणार. पुढच्या वेळी नक्की. रागावलीस?"

"नाही," मी म्हटलं.

"आई कशी आहे?"

"जेवतेय."

फोन ठेवून मी सूप गरम केलं. आई स्वयंपाकघरात टेबलापाशी बसली होती. टेबलावर माझा छोटा काटा असतो, कणीक वगैरे मोजायला. तिने उजव्या हाताच्या बोटाने त्याची थाळी पुसली, कोपऱ्यापर्यंत, आणि आकड्याकडे बघत बसली. मी वाटी घेऊन तिच्या उजवीकडे बसले.

"गाडी काट्यावर घ्या," मी म्हटलं.

तिने तोंड उघडलं नाही. आधी काट्याकडे बोट केलं. मी वाकून बघितलं. शून्य होतं. मी तसं तिला सांगितलं, तेव्हा तिने तोंड उघडलं.